ओटीलिए खाणीतली कोरी फ्लॉपी

१

छतापासून दोनशे सोळा साखळ्या लोंबत होत्या. दोनशे पंधरा रिकाम्या. उरलेल्या एकीला लोखंडी टोपली होती आणि टोपलीत चार वस्तू: शकुन म्हणून ठेवलेला कोळशाचा एक खडा, दारूची सीलबंद चपटी बाटली, खाणकामगाराचा पितळेचा एक बिल्ला आणि कागदी पाकिटात घातलेली एक फ्लॉपी. पाकिटावर पाच सह्या होत्या.

ओटीलिए खाण चालू होती तेव्हा माणसं पाळीवर उतरण्याआधी याच दालनात कपडे बदलत. घरचे कपडे टोपलीत टाकायचे, टोपली साखळीने छताला भिडवायची आणि साखळीचं टोक खाली भिंतीशी कुलूप लावून बांधायचं. सत्तर वर्षांत इथून कुणाची पँटसुद्धा चोरीला गेली नव्हती. म्हणून तर मार्लिस ग्राबोशबाईंनी आपल्या कंपनीचा सगळा जीव शनिवारी संध्याकाळी त्या टोपलीत ठेवून वर चढवला होता.

सोमवारी सकाळी पाव्लाक मुकादमांनी कुलूप उघडलं आणि टोपली खाली घेतली. कुलूप शाबूत होतं, साखळीवरचं मेणाचं सीलही शाबूत होतं. मार्लिसबाई पाकीट घेऊन जिन्याने वर ऑफिसात गेल्या. त्यांची भाची उटे मागोमाग गेली. तिने फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवली आणि यादी मागितली. ड्राइव्ह घुरघुरला, पडद्यावर एकच ओळ आली: ६६४ खंड मोकळे.

उटेने पुन्हा यादी मागितली. पुन्हा तीच ओळ.

"म्हणजे काय?" मार्लिसबाईंनी विचारलं.

"म्हणजे हिच्यावर काहीच नाही, मावशी," उटे म्हणाली. "ही कोरी आहे."

२

कंपनीचं नाव 'खाणदिवा'. जर्मनीतल्या हेर्ने शहरात, बंद पडलेल्या खाणीच्या इमारतीत, घरगुती कॉम्प्युटरवरचे खेळ काढणारी. तीन वर्षांपूर्वी खाण बंद झाली तेव्हा मार्लिसबाई तिच्या पगार विभागात होत्या. बाकीचे घरी गेले, त्या गेल्या नाहीत. त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या, शेजारचा डेटलेफ विझनर रात्रंदिवस कॉम्प्युटरला चिकटलेला असतो म्हणून त्यालाच कामाला लावलं, आणि खेळांची पहिली खोकी स्वतः गाडीत घालून दुकानोदुकानी नेली. लोक हसले. दुसऱ्या खेळानंतर हसायचे थांबले.

तिसरा खेळ 'नववी पातळी'. खाण बंद करायचा हुकूम येतो आणि जमिनीखालचे कामगार वर यायला नकार देतात, एवढीच गोष्ट. पंप चालू ठेवायचे, दिवे जपायचे, भाकरी वाटून खायची. या खेळात शत्रूला गोळी घालता येत नव्हती. खेळणारा एकच गोष्ट करू शकत होता: टिकून राहणं. हँबुर्गच्या एका मोठ्या वितरकाला तो फार आवडला होता, फक्त त्याला नाव इंग्रजी हवं होतं, कामगारांच्या जागी यंत्रमानव हवे होते आणि शेवटी सगळे शहाण्यासारखे वर आलेले हवे होते. मार्लिसबाईंनी त्याला पत्राने नाही, पोस्टकार्डाने उत्तर दिलं होतं, म्हणजे वाटेत पोस्टमननेही वाचावं.

पण खोके छापायचे तर त्याच वितरकाची मदत घ्यावी लागली, आणि करारात एक कलम आलं. सोमवारी दुपारी बारापर्यंत खेळाची मूळ फ्लॉपी प्रती काढणाऱ्या डोर्टमुंडच्या कारखान्यात पोचली नाही, तर 'नववी पातळी' हँबुर्गची. मग त्यांनी हवे ते बदल करावेत.

आणि मूळ फ्लॉपी एकच होती. हा मार्लिसबाईंचाच नियम. मागचा खेळ दुकानात पोचायच्या आधी शाळेच्या मैदानांवर पोचला होता. चोरून प्रती काढणाऱ्या चाच्यांनी त्याच्या सुरुवातीला स्वतःची नावं नाचवली होती. या वेळी ऑफिसात एकही पूर्ण प्रत राहणार नव्हती.

डेटलेफ धावत आला. चोविशीचा, उंच, खांदे पाडून चालणारा. बातमी ऐकून तो खुर्चीत बसला. मग म्हणाला की आपण शनिवारीच सांगितलं होतं: भिंतीपलीकडे खाणीत माणसं उतरवणाऱ्या पाळण्याची जुनी मोटर आहे, ती अजून चालवून पाहतात, तिच्या चुंबकाने फ्लॉपी पुसली जाईल. घरची प्रत दोन आठवड्यांपूर्वीची आहे आणि तिच्यात शेवटचा भागच नाही.

शनिवारी तो खरंच हे सर्वांदेखत म्हणाला होता. उटेला आठवत होतं. त्या वेळी तिलाही ते पटलं होतं. बोखुमच्या विद्यापीठात तिने भौतिकशास्त्र शिकून नुकतीच पदवी घेतली होती आणि चुंबकाशी मस्करी करू नये एवढं तिला कळत होतं.

तिने फ्लॉपी उजेडात धरली. मग पालथी केली.

"चुंबकाने पुसलेली फ्लॉपी वाचताच येत नाही," ती हळूच म्हणाली. "ड्राइव्ह नुसता खडखडतो. ही तर नीट सांगते की मी मोकळी आहे. कुणीतरी हिला फॉरमॅट केलंय. आणि हे बघ, मावशी."

फ्लॉपीच्या दोन्ही कडांना खाच होती. कारखान्यातून येते तेव्हा खाच एकाच कडेला असते. दुसरी बाजू वापरायची तर लोक स्वतः दुसरी खाच पाडतात. देशभरातली पोरं हेच करतात, एका फ्लॉपीच्या किमतीत दोन. पण डोर्टमुंडचा कारखाना दोन खाचांची फ्लॉपी दारातूनच परत पाठवतो, म्हणून मूळ फ्लॉपी खास एका खाचेची घेतली होती.

"पुसलेली नाही," उटे म्हणाली. "ही ती फ्लॉपीच नाही."

३

म्हणजे बहुधा टोपली वर गेली तेव्हाच तिच्यात खोटी फ्लॉपी होती. शनिवारी काय काय झालं ते उटेने क्रमाने आठवलं. कपड्यांच्या दालनात टेबलावर कॉम्प्युटर आणि टीव्ही मांडला होता. सर्वांदेखत खेळ चढवला. तो सुरू झाल्यावर फ्लॉपीची गरज उरत नाही. पूर्ण खेळ कॉम्प्युटरच्या स्मृतीत बसतो. सगळे पडद्याकडे बघत होते, हातात बिअर. तेवढ्यात फ्लॉपी ड्राइव्हमधून निघाली, पाकिटात गेली, पाकिटावर सह्या झाल्या. सह्या पाकिटावर होत्या, फ्लॉपीवर नाही.

फ्लॉपी काढली कुणी? मार्लिसबाईंना वाटत होतं डेटलेफने. डेटलेफ म्हणाला ओव्हरबेकने. ओव्हरबेक म्हणाला, आपण बिअर ओतत होतो.

हार्टमुट ओव्हरबेक खेळ विकायचा. आधी तो एसेनच्या मोठ्या दुकानात कॉम्प्युटर विभाग सांभाळायचा. अजूनही कुणाशी बोलताना हात काउंटरवर ठेवल्यासारखे ठेवायचा. हँबुर्गचं ऐका, असं तोच सहा महिने सांगत होता. उटेने त्याला गाठलं तेव्हा तो कांदा-खिम्याचा पाव खात होता. त्याने खाणं थांबवलं नाही.

"बसा, प्रोफेसरीणबाई. मला माहितीये तुम्ही कशाला आलात."

"तुम्हाला खेळ हँबुर्गला जायला हवा होता."

"हवा होता. अजूनही हवाय. तुझ्या मावशीला मी तोंडावर सांगितलंय, तूही तिथेच होतीस. इंग्रजी नाव दिलं असतं तर तिप्पट दुकानांनी घेतला असता." त्याने बोटं पुसली. "पण मी विकणारा माणूस आहे, पोरी. जे विकायचं ते दिवसाढवळ्या, पावती फाडून विकतो."

आणि अदलाबदल टोपली वर गेल्यावर झाली असेल तर चावी लागली असती, ती त्याच्याकडे नव्हती. चावी फक्त एकाकडे होती.

एवाल्ड पाव्लाक या खाणीत एकतीस वर्षं मुकादम होते. खाण गेली तरी चाव्यांचा जुडगा गेला नाही. उटे दालनात गेली तेव्हा ते टेबलापाशी उभे होते आणि टेबलावर त्यांनी आपला जाड कोट पसरून ठेवला होता. तिने विचारलं, रविवारी इथे कुणी आलं होतं का. नाही म्हणाले. मग ती म्हणाली की फाटकावरच्या बाईने तुम्हाला दुपारी आत येताना पाहिलंय आणि अंधार पडल्यावर बाहेर जाताना.

म्हाताऱ्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"आलो होतो. माझं काम होतं."

"रिकाम्या दालनात?"

"तुला सांगायचं काम नव्हतं."

"मुकादम, आज दुपारी बारानंतर हा खेळ आपला राहणार नाही."

एक हात त्यांनी कोटावर ठेवला होता, जणू खालून कुणी उठून पळेल. उटेला पहिल्यांदाच वाईट वाटलं. या माणसाने तिला लहानपणी खांद्यावर बसवून खाणकामगारांच्या संत बार्बाराच्या मिरवणुकीत फिरवलं होतं.

४

फ्लॉपी कुणाची हे माणसं सांगत नसतील तर फ्लॉपीलाच विचारायला हवं होतं.

उटे वर जाऊन ड्राइव्हपुढे बसली. फॉरमॅट करताना ड्राइव्ह प्रत्येक वर्तुळावर ठरावीक खंड आखतो आणि दोन खंडांमध्ये थोडी फट सोडतो. लिहिण्याची चाल सगळ्या ड्राइव्हची सारखी असते, फिरण्याची नसते. फिरत्या ताटलीवरच्या केकवर क्रीम सोडणारी बेकरीवाली डोळ्यासमोर आणावी. हात तोच, वेळ तोच. पण ताटली जरा जोरात फिरली तर क्रीमचं प्रत्येक फूल लांबट होतं आणि दोन फुलांमधली फट अरुंद उरते. ड्राइव्हचा पट्टा सैल आहे की ताणलेला, मोटर नवी की जुनी, यावर ती फट ठरते. कारखान्यातून जुळे निघालेले ड्राइव्हही वर्षभरात वेगळे होतात.

दर शुक्रवारी प्रत्येकाने आठवड्याचं काम आपल्या फ्लॉपीवर आणून द्यायचं, हा ऑफिसचा रिवाज. त्यांत खेळाचे तुकडे होते, खेळ नव्हता. पण प्रत्येक फ्लॉपी आणणाऱ्याने आपापल्या ड्राइव्हवर फॉरमॅट केलेली होती. उटेने प्रत्येकाच्या तीन-तीन काढल्या आणि अठराव्या वर्तुळावरच्या फटी मोजल्या; ते वर्तुळ यादीसाठी राखीव असतं, म्हणून त्याचे एकोणीस खंड मोकळ्यांत धरले जात नाहीत. ऑफिसच्या ड्राइव्हची फट सरासरी बावीस. ओव्हरबेकची चोवीस. डेटलेफची सतरा. पाव्लाक मुकादमांकडे ड्राइव्हच नव्हता.

टोपलीतल्या फ्लॉपीची तिने दोनदा मोजली. मग तिने मावशीला आणि बाकी तिघांना वर बोलावलं.

आकडे ऐकून डेटलेफ हसला. "सतरा? शहरात माझ्यासारखे पन्नास ड्राइव्ह असतील."

"असतील," उटे म्हणाली. "पण शनिवारी खालच्या दालनात त्यातल्या किती ड्राइव्हच्या मालकांचे हात होते? तू नुसती नवी, न उघडलेली फ्लॉपी ठेवली असतीस ना डेटलेफ, तर ती वाचताच आली नसती. सगळ्यांनी तुझं चुंबक खरं मानलं असतं. मीही मानलं असतं. पण तुझ्या घरी तशी फ्लॉपी नव्हतीच. नवा डबा आणला की तू दहाच्या दहा लगेच फॉरमॅट करतोस आणि लगेच दुसरी खाच पाडतोस. आपण सगळेच करतो. हाताला सवय असते."

डेटलेफने मावशीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. पुढचं त्याने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. हँबुर्गवाले खोक्यावर त्याचं नाव छापणार होते, खेळाच्या नावाएवढ्या अक्षरांत, पुढच्या बाजूला. इथे नाव मागच्या बाजूला, मुकादमांच्या आणि उटेच्या नावाच्या रांगेत, वर्णानुक्रमाने, म्हणजे त्याचं सगळ्यात शेवटी. खेळाची प्रत्येक ओळ त्याने लिहिली होती. मूळ फ्लॉपी त्याने शनिवारीच स्टेशनावरून हँबुर्गच्या टपालात टाकली होती.

"ती परत येणार नाही," तो म्हणाला. आवाज आता ठाम झाला होता. "तुम्ही मला पकडलंत. ठीक. पण बारा वाजता तुमच्याकडे द्यायला काही नाही. बाई, तुम्हाला कळत कसं नाही? खाण बंद झालीये. सगळे केव्हाच वर आले."

मार्लिसबाई उठल्या. त्या उंचीने डेटलेफच्या खांद्याला लागत होत्या.

"सगळे नाही," त्या म्हणाल्या. "तू जा आता. आणि तुझं नाव खोक्यावर राहील. मागच्या बाजूला, शेवटी. काम तू केलंयस, ते मी पुसणार नाही."

तो गेला. ओव्हरबेकने हळूच म्हटलं की हँबुर्गला फोन लावू का, निदान अटी तरी नरम करून घेऊ.

"हात लावून बघ त्या फोनला," मार्लिसबाई म्हणाल्या.

तेव्हा दारातून पाव्लाक मुकादम खाकरले.

५

"मी रविवारी खेळत होतो," ते म्हणाले.

कुणाला काही कळेना. मग म्हाताऱ्याने जमिनीकडे बघत सांगितलं. शनिवारी सगळे गेल्यावर आवराआवर करायला ते थांबले. खेळ चालूच होता. त्यांनी सहज खेळाची काठी, म्हणजे जॉयस्टिक, हातात घेतली. पंप कसे चालवायचे हे डेटलेफला त्यांनीच सांगितलं होतं. बघावं म्हटलं पोराने नीट केलंय का. नीट केलं होतं. ते नवव्या पातळीवर पोचले आणि मग बंद करवेना. खेळात मधेच थांबून पुढे सुरू करायची सोय नाही. म्हणून त्यांनी फक्त टीव्ही बंद केला, कॉम्प्युटर चालू ठेवला, वर कोट टाकला. अठ्ठावन्नाव्या वर्षी पोरासोरांचा खेळ खेळतो हे कुणाला कशाला सांगायचं.

उटे खुर्चीतून उठली होती. "शनिवारपासून बंद केलेला नाही? एकदाही?"

"पंप कुणी बंद करतं का, पोरी?"

शनिवारी मूळ फ्लॉपीवरून चढवलेला पूर्ण खेळ त्या कोटाखाली अजून जागा होता.

आता अडचण एकच: स्मृतीतला खेळ फ्लॉपीवर उतरवायचा कसा. त्यावर ओव्हरबेकने घसा साफ केला. कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक कार्ट्रिज खोचलेलं आहे, तो म्हणाला. आपणच खोचलं, कारण त्याशिवाय खेळ चढायला इतका वेळ लागतो की बिअरचा फेस मरतो. आणि त्या कार्ट्रिजला एक लाल बटण आहे.

मार्लिसबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. लाल बटण दाबलं की चालता खेळ गोठतो आणि जसाच्या तसा फ्लॉपीवर उतरतो. मागचा खेळ चाच्यांनी अशाच बटणाने लुटला होता. असलं कार्ट्रिज या इमारतीत दिसलं तर आणणाऱ्याला खाणीत ढकलीन, असं त्यांनी लेखी लावलं होतं.

"ढकलणं उद्या," त्या म्हणाल्या. "चला खाली."

उटेने कोट उचलला. लाल दिवा जळत होता. टीव्ही लावल्यावर पडद्यावर नववी पातळी उजळली: गुडघाभर पाणी, सात दिवे, अकरा माणसं. ती बटणाकडे हात नेऊन थांबली. आता गोठवलं तर विकत घेणाऱ्या प्रत्येकाचा खेळ इथून, मुकादमांच्या पाण्यातून सुरू होईल. आधी खेळ संपून सुरुवातीच्या चित्रावर यायला हवा होता.

"पाळण्याची दांडी ओढा, मुकादम," ओव्हरबेक म्हणाला. "माणसं वर येतील, खेळ संपेल. दोन मिनिटांचं काम. डोर्टमुंडला पोचायला अर्धा तास लागतो."

पाव्लाकांनी काठी हातात घेतली, पण दांडीकडे नेली नाही.

"मी एकदा वर आलोय," ते म्हणाले. "त्र्याऐंशी साली. सांगितलं, आलो. अकरा माणसं माझ्या मागे होती, तीही आली. पुन्हा नाही."

"अहो, हा खेळ आहे."

"म्हणूनच."

ओव्हरबेकने मार्लिसबाईंकडे हात पसरले. उटेलाही वाटलं, मावशीने आता सांगावं. तिने मनातल्या मनात हिशेब केला: शेवटच्या टप्प्यात किती दिवे लागतात, किती उरलेत. जमण्यासारखं होतं, पण जेमतेम. हरले तरी सुरुवातीचं चित्र येणारच होतं. धोका फक्त वेळेचा होता.

मार्लिसबाईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि मुकादमांच्या शेजारी बसल्या.

"मग जिंका, पाव्लाक," त्या म्हणाल्या. "गाडी मी चालवते, अर्धा तास नाही लागत."

एक दिवा विझला. मग दुसरा. मुकादम ओठ घट्ट मिटून पंप चालवत होते. मधेच उटे म्हणाली, डावीकडचा आधी, आणि ते म्हणाले, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मला डावीकडचा माहितीये. ओव्हरबेक आधी येरझाऱ्या घालत होता, मग त्यांच्या मागे येऊन उभा राहिला, आणि थोड्या वेळाने त्याने स्वतःच्या नकळत मुकादमांच्या खुर्चीची पाठ पकडली होती. पाणी घोट्यापर्यंत उतरलं. तीन दिवे उरले होते तेव्हा पडद्यावर वरून आवाज आला, म्हणजे अक्षरं आली: कंपनीने माघार घेतली आहे, खाण चालू राहील. अकरा छोटी माणसं टोप्या उडवायला लागली.

पाव्लाकांनी काठी टेबलावर ठेवली आणि खिशातून रुमाल काढला.

सुरुवातीचं चित्र आलं. उटेने मूळ फ्लॉपीबरोबर राखीव म्हणून घेतलेली एका खाचेची दुसरी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवली आणि लाल बटण दाबलं.

६

मार्लिसबाई आणि उटे डोर्टमुंडच्या कारखान्याच्या फाटकावर पोचल्या तेव्हा गाडीच्या बॉनेटमधून वाफ येत होती. काउंटरपलीकडे पांढऱ्या कोटातला एक माणूस आणि हँबुर्गहून आलेला एक गृहस्थ बसले होते. गृहस्थांच्या मांडीवर बॅग होती. त्या दोघींना पाहून ते उठले आणि अगदी सौजन्याने म्हणाले की ग्राबोशबाईंनी उगाच एवढी धावपळ केली, बातमी आम्हाला कळली आहे.

"कुठली बातमी?" मार्लिसबाईंनी विचारलं. "मला तर काहीच कळलं नाही. इथे येईपर्यंत मी कामात होते." आणि त्यांनी एका खाचेची फ्लॉपी काउंटरवर ठेवली. पाकिटावर चार सह्या होत्या.

गृहस्थ म्हणाले, फ्लॉपी येऊन भागत नाही, ती तपासणीत उतरायला हवी. घाईत केलेल्या प्रतीत नेहमी काहीतरी खराब निघतं.

"तपासा की," त्या म्हणाल्या. "मी उभीच आहे."

पांढऱ्या कोटातल्या माणसाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ लिहिली, अकरा अठ्ठेचाळीस, आणि फ्लॉपी यंत्रात घातली. उटे काचेतून बघत राहिली. यंत्र एकेक वर्तुळ वाचत आतल्या बाजूला सरकत गेलं. मग छपाईयंत्राने कागदाची एक पट्टी बाहेर काढली. माणसाने ती फाडली आणि काउंटरवर, दोघांनाही दिसेल अशी, ठेवली.

वर्तुळे ३५. खंड तपासले ६८३. चुका ०.